दोन ठोके आणि एक

१९७३ साल. मी चाळीस वर्षांचा. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर चाळीस. त्या दाखल्यापुरताच मी शाळेत गेलो असं माझी आई म्हणायची, आणि ती खोटं बोलत नसे. त्या साली पाऊस उघडल्यावर मी नागपुरात सक्करदऱ्याला, तलावाच्या अंगाला, एका जुन्या घराचं काम धरलं. भिंती खरडून नवं प्लास्टर करायचं आणि जुन्या लाकडी खिडक्या काढून गजाच्या, काचेच्या खिडक्या बसवायच्या. साधं काम. त्या घराच्या भिंतीतून माझ्या तोंडासमोर माणसाचा हात बाहेर आला.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, उभ्या आयुष्यात केलेल्या मिस्त्रीकामाबद्दल लिहा. उभ्या आयुष्याचं काय लिहायचं? भिंत ही भिंतीसारखीच असते. मी या एका घराचं लिहितो. कोणाला कमी वाटलं तर त्यानं आपल्या घराचं लिहावं.

हबकायचे प्रसंग या धंद्यात येतातच. रामटेकजवळ एका घरी खिडकीची चौकट उपटली, तर मागच्या पोकळीत मधमाश्यांचं पोळं. आम्ही सगळे शेतात पळालो आणि मालकाची सासू परात घेऊन उलटी खिडकीकडे धावली. महाल भागात एका गृहस्थानं हौसेनं नवी खिडकी पाडून घेतली आणि प्लास्टर वाळायच्या आत विटांनी बुजवून घेतली, कारण समोरच्या घरात त्याचा व्याही भाड्यानं राहायला आला. असल्या गोष्टींवर आम्ही संध्याकाळी हसायचो. त्या हातावर मला अजून हसू येत नाही.

आधी थोडं कामाबद्दल सांगतो, नाही तर पुढचं समजायचं नाही. लोकांना वाटतं मिस्त्री म्हणजे थापी मारणारा. जुनी भिंत हाती घेतली की ती आधी ऐकावी लागते. थापीच्या दांड्यानं दोन ठोके मारायचे, थांबायचं, मग एक ठोका. दोन ठोक्यांनी भिंत जागी होते आणि तिसऱ्यानं आपण तिला विचारतो, बाई, कुठं सुटलीस? जिथं जुना चुना धरून आहे तिथं आवाज भरीव येतो. जिथं सुटला तिथं मडक्यासारखा. मडक्यासारखं वाजलं की तेवढं खरडून काढायचं.

हे मला लहानू उस्तादानं शिकवलं. बेसा गावातला माणूस. बेसा तेव्हा निव्वळ खेडं होतं, भोवती कपाशीची पऱ्हाटी आणि तूर. उस्तादाचा उजवा अंगठा कधी काळी दगडाखाली येऊन चपटा झाला होता, त्यावर नख नव्हतं. भिंतीतलं भगदाड बंद केलं, की शेवटच्या विटेजवळ ओल्या चुन्यात तो ते बोट दाबायचा आणि म्हणायचा, ‘‘दार लावलं, कडी घातली.’’ नागपुरातल्या जुन्या घरांत अशा कड्या किती असतील, कोण जाणे.

उस्तादाचा एकच धर्म होता. वीट कोरडी लागू नये. चारी अंगांनी चुना बसला पाहिजे, विटेनं भिंत धरली पाहिजे आणि भिंतीनं वीट. एका कामावर मी बांधलेल्या भिंतीत त्याला एक कोरडी वीट सापडली. ती माझी नव्हती. तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो, नव्हती. मी जेवायला बसलो असताना कोणी तरी लावून टाकली होती. उस्तादानं सगळ्यांसमोर ती दोन बोटांनी ओढून काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘‘हे घे आन घरी जा.’’ मी गेलो. वीट रस्त्यात फेकली. त्यानंतर त्यानं बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. माझी स्वतःची माणसं झाली, माझं नाव झालं. बेसाच्या रस्त्यानं काम आलं तर मी घ्यायचो नाही.

आता ते घर. मालक नारायणराव, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झालेले. उभा जन्म उलटी अक्षरं वाचण्यात गेला, त्यामुळं केसाएवढा तिरपेपणा त्यांना दिसायचा. माझा ओळंबा नंतर, यांचा डोळा आधी. हातात वेताची काठी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपणच काही चुकीचं छापलं.

‘‘मिस्त्री, ही रेघ पाह्यली? खाली चालली.’’

‘‘मालक, ती कोळ्याची जाळी आहे.’’

‘‘मंग कोळी तुह्यापेक्षा सरळ काम करते म्हन.’’

घर मुळात एकच होतं. नारायणराव थोरले, वामनराव धाकटे. भांडण कशावरून झालं ते मला तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. एक म्हणाला आंब्याच्या झाडावरून, एक म्हणाला बापाच्या तेरवीवरून, आणि शेजारचा शिंपी म्हणाला कोंबड्यावरून. काही असो, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, एका विटेच्या जाडीची, पार छपरापर्यंत. दोन्ही भाऊ वेगवेगळ्या दिवशी रामटेकला गेले आणि रामासमोर एकच शपथ घेऊन आले : भावाच्या घरचा घास खाणार नाही, त्याचा उंबरठा ओलांडणार नाही आणि घरच्यांना ओलांडू देणार नाही. दोघंही शब्दाचे पक्के. यात एक गोष्ट दोघांनीही धरली नव्हती. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी होत्या. थोरली गंगाबाई, धाकटी जना. एकाच मांडवात दिलेल्या.

ती मधली भिंत स्वयंपाकघरातून जात होती. तिच्यासाठी नारायणरावांनी सिमेंट राखून ठेवलं होतं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं आणि लोक त्याची पोती देवघरात ठेवायचे.

‘‘बाकी घराले चुना चालते,’’ नारायणराव म्हणाले. ‘‘ह्या भितीले सिमेंट. जाड चढव. कुठं सुईचं भोक राह्यलं नाही पाहिजे. मले त्यायच्या घरच्या फोडनीचा वास येते.’’

‘‘भिंत कोनं बांधली मालक?’’

‘‘लहानू मिस्त्रीनं. आता बोल, काय बोलतो.’’

मी त्या भिंतीकडं पाहिलं तेव्हा मनात आलं, म्हाताऱ्या, आज तुझी भिंत माझ्या हातात आली. एक तरी वीट कोरडी सापडू दे.

नारायणराव रोज सकाळी तलावावर फेरी मारून वाचनालयात जायचे. ते गेले की आम्ही काम धरायचो. आम्ही म्हणजे मी आणि भागीरथी रेजा. बांधकामावर माल वाहणाऱ्या बाईला आमच्याकडं रेजा म्हणतात. भागीरथी माझ्यापेक्षा वयानं मोठी आणि जिभेनं त्याहून मोठी. तिनं स्वयंपाकघरातली भांडी, डबे, शिंकं खाली घेतलं. मधल्या भिंतीवर खिळ्याला एक सूप टांगलेलं होतं. तिनं त्याला हात लावला, तशा चुलीजवळच्या गंगाबाई उठल्या.

‘‘सूप राहू द्या वं. तेवढी जागा सोडा.’’

गंगाबाई अंगानं बारीक. बोलताना दोन्ही हात कायम पदराखाली. मला वाटायचं, जुन्या वळणाच्या आहेत.

‘‘सुपाएवढी जागा सोडून प्लास्टर कसं करू बाई?’’ मी म्हणालो. ‘‘लोक मले हसतीन.’’

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. तेवढ्यात मागच्या अंगणात म्हैस ओरडली आणि त्या तिकडं गेल्या. भागीरथीनं सूप उतरवलं. मी थापीचा दांडा घेतला आणि त्या जागी ठोकलं. दोन ठोके. थांबलो. एक ठोका.

भिंत आत गेली.

मी पूर्ण शुद्धीत सांगतो. एकावर एक अशा दोन विटा माझ्या डोळ्यांसमोर सरकत सरकत भिंतीच्या आत गेल्या, कोणी ओढून घेतल्यासारख्या. तिथं काळं चौकोनी भोक पडलं. आणि त्या भोकातून हात आला. कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदण, पंज्यात फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी. भाकरींची वाफ माझ्या तोंडावर आली.

‘‘घे वं ताई, गरम आहे,’’ भिंत म्हणाली. ‘‘आन आज दूध जास्त देजो. पाहुने आहेत.’’

भागीरथीच्या डोक्यावरचं घमेलं खाली पडलं. मी इतक्या भिंती पाडल्या, सापावर हात पडला, छप्पर अंगावर आलं, पण असलं कधी पाहिलं नव्हतं. हात पुढंच होता. बोटं जराशी हालली, घे ना म्हणून.

‘‘मिस्त्री,’’ भागीरथी मागून हळूच म्हणाली, ‘‘घेऊन टाका. कोनाची बी असो, भाकर आहे.’’

मी घेतली. घेताना माझी चुन्यानं फाटलेली बोटं त्या हाताला लागली. हात विंचू चावल्यासारखा मागं गेला. पलीकडून आवाज आला, ‘‘अगे माय, ही ताई नाही.’’ आणि दोन विटा जशा गेल्या तशा परत आल्या. भिंत पुन्हा भिंत झाली. माझ्या हातात गरम भाकरी नसत्या, तर मी स्वतःवर विश्वास ठेवला नसता.

गंगाबाई दारात उभ्या होत्या. माझ्या हातातल्या भाकरी पाहून त्या तिथंच, उंबऱ्यावर, खाली बसल्या.

‘‘मिस्त्रीभाऊ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ह्यायले सांगू नका.’’

‘‘पन हे काय आहे बाई?’’

त्यांनी पदराखालून हात काढले. ओल्या हळदीच्या गड्ड्यासारखी बोटं, एकात एक वळलेली. मूठ उघडत नव्हती आणि मिटतही नव्हती. वातानं सगळं खाल्लं होतं.

‘‘पीठ मळल्या जात नाही मले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लय वर्षं झाले. भाकरी, भाजी, सारं जना करून देते. मी दूध देतो तिले. पोरं आहेत ना तिच्या घरी. म्हैस हे पिळतेत.’’

मला आधी समजलंच नाही. मग समजलं तसा मी घमेल्यावर बसलो. शपथ घेतलेला थोरला भाऊ रोज दोन वेळा धाकट्याच्या घरचं जेवत होता. आणि शपथ घेतलेल्या धाकट्याच्या घरी थोरल्यानं आपल्या हातानं पिळलेलं दूध जात होतं. दोघंही आपापल्या ओट्यावर बसून एकमेकांकडं पाठ करून ढेकर देत होते.

‘‘मालकाले हाताचं सांगत काहून नाही?’’ भागीरथीनं विचारलं.

‘‘ह्यायच्या मामीले असाच वात झाला होता. मामानं तिले माहेरी पोचवली आन घरात दुसरी आनली. हे म्हनाले, बरोबर केलं, चूल कोनं पेटवायची? मी तवाच हात पदराखाली घेतले.’’

‘‘तुमच्या माहेरी कोन आहे?’’

‘‘कोनी नाही राह्यलं,’’ गंगाबाई म्हणाल्या. ‘‘माह्यं माहेर त्या भितीच्या तिकडं आहे.’’

माझं लक्ष मात्र त्या विटांवर गेलं होतं. मिस्त्रीची जात. मी त्यांना म्हणालो, पुन्हा उघडायला सांगा. त्यांनी पितळी गडव्यानं ठोकलं. दोनदा, थांबून एकदा. विटा सरकल्या आणि मी रॉकेलची चिमणी धरून आत पाहिलं. त्या दोन विटा चुन्यानं एकमेकींना जोडून एक ठोकळा केला होता. त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, अडकू नये म्हणून. भोकाच्या बाजू करणीच्या पात्यानं साफ ओढलेल्या, खालची बैठक आरशासारखी. हे काही ढासळलेलं, सुटलेलं काम नव्हतं. इतकं निगुतीनं केलेलं काम मी आख्ख्या घरात दुसरं पाहिलं नव्हतं. आणि बैठकीच्या मागच्या कोपऱ्यात, चुन्यात, अंगठा दाबलेला होता. चपटा. नखाची खूण नसलेला.

ज्या म्हाताऱ्यानं मला एका कोरड्या विटेपायी चार माणसांत हाकललं, त्यानं स्वतःच्या हातानं दोन कोरड्या घातल्या होत्या. आणि वरून कडी घातली होती.

‘‘त्या म्हाताऱ्यानंच ठोकायचं शिकवलं आमाले,’’ गंगाबाई म्हणाल्या. ‘‘भिंत बांधून राह्यला होता. मी इकडून विटा देत होतो, ती तिकडून. आमी रडलो बी नाही, काही बोललो बी नाही. भिंत छातीपर्यंत आली, तं तो थांबला. मले म्हने, बाई, तुमच्या दोघीचा हात कुठवर पोचते, दाखवा बरं.’’

मी चिमणी फुंकली. मला राग आला होता. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही.

आता करायचं काय? मालकाला भिंत सिमेंटनं हवी होती आणि सुईचं भोक नको होतं. सिमेंट चढवलं की ठोकळा कायमचा गेला, आणि त्याबरोबर गंगाबाईचं घरही गेलं. सुपाएवढी जागा कोरी सोडली तर मालक विचारणार. आणि मी? मी माझ्या नावानं अर्धवट भिंत सोडणारा माणूस नाही. भागीरथी म्हणाली, ‘‘काम सोडून देऊ, दुसरा मिस्त्री पाहीन तो.’’ मी म्हणालो, ‘‘दुसरा मिस्त्री भरून टाकीन वं. त्याले काय मालूम.’’

रस्ता खिडकीनं दाखवला. स्वयंपाकघराची जुनी लहान खिडकी काढून मी अंगणात ठेवली होती. सागवानाची, दोन पल्ल्यांची, कड्या-कोयंडे पितळेचे. नारायणराव आले तसं मी म्हणालो, ‘‘मालक, हे सागवान सरपनात घालता काय?’’

‘‘मंग काय त्याची आरती करू?’’

‘‘मधल्या भितीवर कपाट करून देतो ह्याचं. भितीले खोदनार नाही. दोन बाजूनं विटा पुढं घेतो आन चौकट उभी करतो. बाईचे डबे राहतीन.’’

काही फुकट जात नाही म्हटल्यावर नारायणराव विरघळायचे. काठीनं चौकट ठोकून पाहिली, म्हणाले, ‘‘मागच्या भितीले सिमेंट पाहिजे पन.’’

‘‘देतो ना.’’

दिलं. ठोकळ्यावर वेगळं चढवलं आणि भोवती सुताएवढी फट ठेवून वरून चुन्याचा असा हात फिरवला, की फट मलाही हातानं चाचपल्याशिवाय सापडत नव्हती. कपाटाची फळी बरोबर तिच्या खालच्या कडेवर आली. ते काम मी आयुष्यात केलेल्या कामांत एक नंबर धरतो, आणि ते दाखवता येत नव्हतं. भागीरथीला म्हणालो, पाह्य. ती म्हणाली, ‘‘काय पाहू? काही दिसत नाही.’’ तेवढीच शाबासकी.

एका गोष्टीकडं माझं लक्ष नव्हतं. इतके दिवस नारायणराव माझ्या मागं उभं राहून पाहत होते. ज्या माणसाला केसाएवढा तिरपेपणा दिसतो, त्याला मिस्त्री भिंत कशी ठोकतो ते दिसणार नाही?

शेवटच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, ते काम ताब्यात घ्यायला उठले. बाहेरच्या खोलीपासून सुरुवात. वेताच्या काठीची मूठ भिंतीवर, दोनदा, कान लावून थांबायचं, मग एकदा. माझीच नक्कल, अगदी मान तिरपी करण्यापर्यंत. ‘‘भरीव,’’ म्हणायचे आणि पुढं. खिडक्या उघडून पाहिल्या, लावून पाहिल्या, गज हलवून पाहिले. एकही चूक सापडत नव्हती आणि त्यामुळं त्यांचं तोंड उतरत चाललं होतं. मग ते स्वयंपाकघरात शिरले.

गंगाबाई चुलीपाशी उभ्या राहिल्या. भागीरथीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, ‘‘मालक, भिंत अजून ओली आहे, काठी नका लावू.’’

‘‘ओली असो का कोरडी, वाजते तं सारखीच,’’ ते म्हणाले आणि कपाटाचे पल्ले उघडले. आत फळीवर दुधाचा गडवा भरून ठेवला होता. तो त्यांनी बाजूला सरकवला. दोन ठोके. मान तिरपी. एक ठोका.

माझं नवं कोरं प्लास्टर आत सरकलं. हिरव्या बांगड्यांचा हात आला, पंज्यात झाकलेली वाटी.

‘‘ताई, वांग्याचं भरीत आहे आज,’’ जना म्हणाली. ‘‘भाऊजीले आवडते ना.’’

नारायणरावांचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. रंग असा उडाला, की मला वाटलं आता हे पडतात. काठी त्यांच्या हातातून सुटून माझ्या पायावर आली आणि मी हाललो नाही. कोणीच हाललं नाही. वाटी तेवढी हवेत जराशी कलली, आणि नारायणरावांचा हात आपसूक वर जाऊन त्यानं ती धरली. दुसरं काय करणार होते? भरीत सांडलं असतं.

‘‘धरली काय वं? सोडू?’’ पलीकडून.

‘‘सोड,’’ नारायणराव म्हणाले.

पुरुषाचा आवाज. पण हात मागं गेला नाही. तसाच, रिकामा, भोकात राहिला, आणि त्यातल्या बांगड्या वाजत होत्या.

नारायणराव गंगाबाईंकडं वळले. ‘‘कवापासून?’’

‘‘भिंत झाली तवापासून,’’ गंगाबाई म्हणाल्या.

‘‘आन मी?’’

‘‘तुमी जेवले.’’

‘‘मी रामासमोर शपथ घेतली होती गंगे.’’

‘‘तुमी घेतली होती. आमाले कोनं विचारलं होतं?’’

‘‘काहून केलं पन? घरात काय कमी होतं?’’

गंगाबाईंनी पदर बाजूला केला आणि दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. नारायणरावांनी पाहिलं. भरिताची वाटी फळीवर ठेवली, पुढं झाले, आणि त्यातलं एक बोट आपल्या दोन बोटांत धरून सरळ करून पाहिलं, वाकडा खिळा सरळ करावा तसं. ते झालं नाही. दुसरं धरलं. तेही झालं नाही. चेहऱ्यावर जे होतं त्याला मी नाव देऊ शकत नाही. ज्या माणसाला माझ्या भिंतीवरची कोळ्याची जाळी दिसली होती, तो आपल्या बायकोचे हात पहिल्यांदा पाहत होता.

‘‘दुखते?’’

‘‘आता नाही दुखत. आधी लय दुखे.’’

‘‘मले सांगितलं काहून नाही?’’

‘‘मामीचं मले मालूम होतं.’’

मला वाटलं, आता म्हणतील, मिस्त्री, सिमेंट आण. मी ठरवून टाकलं होतं, म्हणाले तर करणी त्यांच्याच हातात द्यायची. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

‘‘हे भोक तुह्यं?’’

‘‘माह्या उस्तादाचं. मी झाकलं.’’

‘‘मले वास येत होता, मिस्त्री,’’ ते हळू म्हणाले. ‘‘मी समजलो, वामन्याच्या घरचा.’’

‘‘वामन्याच्याच घरचा होता तो,’’ भागीरथी कोपऱ्यातून म्हणाली. मी डोळे वटारले. पण नारायणरावांनी नुसती मान हलवली, प्रुफातली चूक कबूल केल्यासारखी.

मग ते कपाटाकडं वळले. तो हात तिथंच होता. त्यांनी दुधाचा गडवा उचलला, त्या पंज्यात ठेवला, आणि बोटं घट्ट मिटेपर्यंत खालून आपला हात धरून ठेवला.

‘‘सांडू नको, जना. गच्च भरला आहे,’’ ते म्हणाले.

‘‘जी,’’ भिंत म्हणाली.

गडवा गेला. ठोकळा परत यायला वेळ लागला, पण आला. माझ्या प्लास्टरची रेघ रेघेला मिळाली. नारायणरावांनी काठी उचलली आणि पल्ले ओढून घेतले.

‘‘रामाले काय सांगायचं ते मी सांगीन,’’ ते कोणाकडंही न पाहता म्हणाले. मग मला, ‘‘मिस्त्री, ह्या कपाटाले कडी आहे. ती काढून टाक.’’

मी ती पितळी कडी काढली. त्यांनी जेवायला पाट मांडला, स्वतः मांडला, आणि गंगाबाईंना म्हणाले, तू बस. आम्ही घमेली, फावडी उचलून निघालो. पुढं दोघं भाऊ बोलले का, असं लोक मला विचारतात. मला माहीत नाही. मिस्त्रीचं नातं भिंतीला पाणी मारेपर्यंत. पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा दोन ओट्यांवर दोन म्हातारे एकमेकांकडं पाठ करून बसलेले दिसले, आणि दोघंही चांगले जाडजूड झाले होते.

त्या दिवशी घरी आलो तर जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, पडले काय कुठं? मी म्हणालो, नाही, सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि बेसाचा रस्ता धरला. इतक्या वर्षांनी चाकं त्या रस्त्याला लागली. उस्ताद अंगणात बाजेवर बसला होता, चिंधीनं करणी पुसत. काम सुटून किती दिवस झाले होते कोण जाणे, पण करणी चकचकीत होती. डोळ्यांत मोती उतरला होता. मी सायकल झाडाला लावली, तिच्या आवाजावरूनच त्यानं मान वर केली.

‘‘काहून आला?’’

ओळखलं होतं. मी वाटेत पुष्कळ काही जुळवलं होतं. ती वीट माझी नव्हती, हे सांगायचं होतं. तुम्ही स्वतः दोन घातल्या, हे विचारायचं होतं. चार माणसांत माझी काय इज्जत गेली, ते सांगायचं होतं. त्याच्या हातातल्या करणीवर तो चपटा अंगठा दिसत होता.

‘‘सक्करदऱ्याचा ठोकळा सापडला मले,’’ मी म्हणालो.

करणी पुसणं थांबलं.

‘‘भरला तं नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग बस,’’ उस्ताद म्हणाला आणि बाजेवर सरकला.

मी बसलो.